बिब्याचा काळा, हिरड्याचा काळा

महिपतकाकांच्या कातडीला बिबा उतत नसे. आमच्या हिवरदरीत अशी माणसं दोन-तीनच असतील. बिबा फोडला की आतून काळं, चिकट तेल निघतं. परटानं त्याचा ठिपका कपड्यावर दिला, तर कपडा फाटेपर्यंत तो जात नाही. पण तेच तेल अंगाला लागलं की बहुतेकांना फोड येतात, सूज चढते, आठ-आठ दिवस आग होते. महिपतकाका मात्र टाचेच्या भेगांत गरम बिबा भरायचे आणि तेच बोट धोतराला पुसून भाकरीला बसायचे. या गोष्टीचा त्यांना थोडा गर्व होता. तो गर्व एकदा आम्हा पोरांना आणि एका निरपराध माणसाला भोवला. त्यानंतर महिपतकाका जसे जगले, ते मला सांगायचं आहे.

हिवरदरी भैंशाहून चार कोसांवर. त्या काळी आमचा मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात मोडत असे. महिपतकाका जातीनं सुतार. त्यांचे भाऊ नांगर, वखर, बैलगाड्या करायचे. महिपतकाकांना मोठ्या लाकडाची आवड नव्हती. लहानपणी ते निर्मळकडे मामाजवळ राहिले होते आणि तिथून खराद शिकून आले होते. दोन खुंटांच्या मधे लाकडाचा तुकडा टोकांवर धरायचा, त्याला चामड्याच्या पट्ट्याचा वेढा द्यायचा, आणि पट्टा एकदा इकडे, एकदा तिकडे ओढायचा. लाकूड गरगर फिरतं. ते आपल्याकडे फिरलं की पटाशी टेकवायची, उलटं फिरलं की उचलायची. पट्टा ओढायला समोर प्रयागकाकू बसायच्या. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून त्या तिथं बसत आल्या होत्या. लाटणी, रव्या, पाळण्याचे मोर, पलंगाचे पाय, सगळं त्या दोघांच्या चार हातांतून निघायचं. काम चालू असताना बोलणं नसे. काकूंनी पट्टा सैल सोडला की काकांना कळायचं, तिला पाणी प्यायचंय.

माझे वडील अमृतराव मास्तर १९४९ च्या जूनमधे हिवरदरीला बदलून आले. मी आठ वर्षांची होते. पोलीस ॲक्शन होऊन नऊ-दहा महिने झाले होते. गावच्या शाळेत आधी मुन्शी गफूरसाब उर्दू शिकवत. आता शाळा मराठी झाली, पाटीवर ‘श्री’ आला. मुन्शीजी गावात तीस वर्षं राहिलेले. त्यांच्या भावाचं कुटुंब त्या वर्षी हैदराबादला निघून गेलं. ते स्वतः गेले नाहीत. वडिलांनी त्यांना दुसरे शिक्षक म्हणून ठेवून घेतलं. ते गणित शिकवायचे आणि शाळेची शाई करायचे. गावातल्या काहींना हे पसंत नव्हतं, पण मास्तरांच्या तोंडावर कुणी बोललं नाही.

शाई होती, नांदेडहून निबांची पाकिटं आली होती, पण टाक नव्हते. तोवर पोरं बोरूनं लिहायची. वडील महिपतकाकांकडे गेले आणि चाळीस टाकांच्या दांड्या सांगितल्या.

“फक्त काळ्या करा,” ते म्हणाले. “पांढऱ्या लाकडावर शाईचे डाग पडतात, मग पोरं ते सदऱ्याला पुसतात.”

महिपतकाकांनी काळ्या कुड्याचं लाकूड घेतलं. नाव काळा कुडा, पण लाकूड हस्तिदंतासारखं पांढरं आणि कातायला मऊ. दांड्या दोन दिवसांत तयार झाल्या. अडलं ते रंगावर. लाल-पिवळा रंग त्यांच्या हातचा होता: फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घासून गरम होते, वितळते, लाकडाला धरते. काळ्यासाठी त्यांनी लाखेत दिव्याची काजळी घोटली. दिसायला छान झालं. पण काकूंनी एक दांडी तासभर मुठीत धरली तर तळवा काळा झाला. मग त्यांनी बिबा घेतला.

बिबा तापवून तेल काढलं, त्यात थोडा चुना मिसळला आणि चिंधीनं फिरत्या लाकडावर चोळला. दांड्या महिनाभर उन्हात ठेवल्या. वरून लाखेचा पातळ हात दिला. असा काळा रंग गावानं पाहिला नव्हता. म्हशीच्या ओल्या शिंगासारखा तो चमकत होता.

चोळताना तेलाचे बारीक थेंब पट्ट्याबरोबर उडत. काकूंच्या मनगटांवर पुरळ उठलं, मग फोड.

“मले उतून राह्यला,” त्या म्हणाल्या. “हे पोराईच्या हाती देऊ नका.”

“ओला हाय तवर उततो. सुकला का काई होत नाई,” काका म्हणाले. “माह्या हाताकडं पाह्य ना. हाय का काई?”

काकूंनी मनगटांना लोणी लावलं आणि पुन्हा पट्टा धरला.

दिवाळीनंतर टाक शाळेत वाटले. वडिलांनी एकेका पोराच्या हातात दिला तेव्हा काका शाळेच्या दारात उभे होते. हिवाळा नीट गेला. चैत्र लागला, उन्हं तापली, बोटांना घाम येऊ लागला. टाक जिथं धरतो तिथली लाख रोजच्या लिहिण्यानं आधीच झिजली होती. मला टाक चावायची खोड होती. एके सकाळी उठले तर माझे ओठ भाकरीसारखे फुगले होते आणि डोळा नीट उघडत नव्हता. त्या आठवड्यात आणखी दहा पोरांची बोटं उतली. एकाच्या पापणीवर फोड आले.

गावातल्या मथुराबाईंना घरगुती औषधं कळत. त्यांनी माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि आईला म्हणाल्या, “बिबा हाय हा. तीळ वाटून लाव. पन हिच्या तोंडात बिबा गेला कसा?”

तो प्रश्न दुपारपर्यंत सगळ्या गावात गेला. अकरा पोरं, सगळी शाळेतली. शाळेत सगळी पोरं हात कशाला लावतात? शाईला. शाई कोण करतं? मुन्शी. बिब्याचा काळा रंग सगळ्यांना ठाऊकच होता; टाकांना बिबा लावलाय हे मात्र काका-काकूंशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गोष्ट होती: मुन्शीनं शाईत बिबा घातला. काऊन घातला, तर त्याची शाळा गेली म्हणून. एवढ्यावर गाव थांबलं असतं तरी बरं. दुसऱ्या दिवशी मुन्शीजींच्या अंगणात कुणी तरी दगड टाकले. त्यांच्या बायकोला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. वडील घरोघर जाऊन समजावत होते. लोक ऐकून घेत आणि मान हलवत, पण पटलेलं कुणाला दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी माणिकराव पाटलांनी चावडीवर सगळ्यांना बोलावलं. वडिलांनी मला बरोबर नेलं, माझा ओठ दाखवायला. मुन्शीजी शेरवानीची सगळी बटणं लावून आले होते. शाईची बाटली त्यांच्या हातात होती.

“मुन्शीजी, शाईत काय काय घालता?” पाटलांनी विचारलं.

“हिरडा, हिराकस, बाभळीचा डिंक. तीस वर्षं हेच घालतो. पाटील, तुम्ही पण याच शाईनं शिकलात.”

“बिबा नाई घालत?” डोमाजीनं विचारलं. पापणीवर फोड आलेला पोरगा त्याचा होता.

मुन्शीजींनी बाटलीचं बूच काढलं, शाईत बोट बुडवलं आणि ते जिभेवर ठेवलं. जीभ काळी झाली. ती त्यांनी सगळ्यांना दाखवली, जशी पोरं वैद्याला दाखवतात.

“त्याईले उतत नसंन,” मागून कुणी तरी म्हणालं.

कुणी हसलं नाही. माणसं हळूहळू उभी राहू लागली होती. तेवढ्यात महिपतकाका पुढे आले. त्यांच्या हातात शाळेतला एक टाक होता. पटाशीनं त्यांनी त्याचा लाखेचा पापुद्रा खरवडला आणि आतलं काळं लाकूड पाटलांसमोर धरलं.

“बिबा शाईत नाई, टाकात हाय,” ते म्हणाले. “मी लावला. मुन्शीजीचा काई संबंध नाई.”

डोमाजी त्यांच्याकडे बघत राहिला. “तुले मालूम होतं?”

“मालूम होतं. सुकल्यावर उतत नाई असं मले वाटलं होतं. मले उतत नाई म्हणून.”

“पोराईले फोड आल्यावरबी मालूम होतं?”

“हो.”

“मंग तीन दिवस काऊन नाई बोलला?”

डोमाजीनं काकांच्या हातातला टाक घेतला, मोडला, त्यांच्या पायाशी टाकला आणि चावडीची पायरी उतरून गेला. त्याच्यामागून एकेक जण उठला.

पुढं मी मोठी झाल्यावर काकांनी मला त्या सकाळचं सांगितलं. पहिल्याच संध्याकाळी त्यांना कळून चुकलं होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. काकूंनी दोन्ही वेळा ताट वाढलं आणि उचललं. तिसऱ्या सकाळी चावडीची दवंडी झाली, तेव्हा काकू म्हणाल्या, “तुमी सांगता का मी सांगू?” एवढंच. काकांनी कोनाड्यातला टाक घेतला. “मी काई धीराचा माणूस नाई, आशा,” ते मला म्हणाले. “तिनं जाऊन सांगितलं असतं, मंग मले कोनाकडं पाह्यता आलं नसतं. तिच्याकडं तं नाईच.”

काकांनी घरोघर हिंडून उरलेले सगळे टाक गोळा केले. ते जाळायला निघाले तर काकूंनी अडवलं. बिब्याचा धूर डोळ्यांत गेला तर गावाचे डोळे जातील. मग दोघांनी वावराच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, खड्डा खणला आणि टाक पुरले.

त्या वर्षी गावानं त्यांच्याकडून लाटणंसुद्धा घेतलं नाही. काका भावांबरोबर वखराच्या दांड्या तासायला जात. खराद पोत्यानं झाकून ठेवला होता. मुन्शीजी रस्त्यात समोर आले तर काका बाजूला होऊन उभे राहत. मुन्शीजी सरळ निघून जात. वडिलांनी एकदा दोघांमधे बोलायचा प्रयत्न केला, तेव्हा मुन्शीजी म्हणाले, “मास्तरसाब, त्यानं सच सांगितलं, मानतो. पण तीन दिवस माझी बायको घरात रडत होती. तीन दिवस तीन दिवसच असतात.”

पावसाळा संपता संपता ते स्वतःच काकांच्या अंगणात आले. प्रयागकाकूंनी खाट टाकली. मुन्शीजींनी रुमालाची गाठ सोडली. आत मूठभर हिरडे आणि हिराकसाचे हिरवट खडे होते.

“शाळेला टाक पाहिजेत,” ते म्हणाले. “पोरं बोरू चावून चावून त्याचा कुंचा करतात. तुला काळाच पाहिजे ना? मग शाई लाकडाच्या आत जाऊ दे. वर कशाला लावतोस?”

अशा रीतीनं ते सुरू झालं. पुढची पाच वर्षं शाळा सुटली की मुन्शीजी काकांच्या अंगणात दिसत. मी पण तिथंच असायची, कारण वाळत घातलेले टाक कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून मला बसवलेलं असे. हिरड्याचा काढा पांढऱ्या लाकडाला लावला की लाकूड पिवळट होई. सुकल्यावर हिराकसाचं पाणी लावलं की बघता बघता ते राखाडी, मग निळसर, मग काळं होत जाई. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा काका बराच वेळ दांडी उलटसुलट करत राहिले. वर काहीच लावलं नव्हतं, लाकूडच काळं झालं होतं.

पण पाण्यानं लाकडाची लव उठे आणि दांडी बोटाला खरखरीत लागे. मग आधी नुसतं पाणी लावून लव उठवायची, ती कातून काढायची, मग रंग द्यायचा, हे त्यांना चार महिन्यांनी सापडलं. ओल्या बोटाला रंग लागे, म्हणून वर काही तरी हवंच होतं. जवसाचं तेल लावलं तर पावसाळ्यात ते आठ-आठ दिवस चिकट राहिलं आणि त्यावर बुरशी धरली. तेल आधी उकळून घेतलं तर लवकर सुकलं, पण एकदम जाड लावलं की सुरकुत्या पडल्या. मेण लावून पाहिलं. इंद्रवेल्लीच्या बाजाराला जाणाऱ्या एका गाडीवानाकडून काकांनी रानातलं मेण मागवलं होतं. ते थंडीत फार सुरेख दिसलं, उन्हाळ्यात बोटाखाली मऊ झालं. लाख लावली तर पोरांच्या घामेजल्या बोटांत टाक निसटू लागले.

प्रत्येक वेळी नवं काही लावलं की ते उततं का हे पाहणं आलं. काकांचा हात त्यासाठी काही कामाचा नव्हता. आता ते कुणी म्हणायची वाट न बघता स्वतःच म्हणायचे, “माह्या हाताचं काई खरं नाई.” मग काकूंनी आपला हात दिला. दांडीचा एक तुकडा त्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी सगळ्यांत नाजूक असते तिथं चिंधीनं बांधायच्या. आठ दिवस. भाकरी थापताना, पाणी शेंदताना, पट्टा ओढताना तो तिथंच असायचा. नवव्या दिवशी चिंधी सोडून त्या कोपर उजेडात धरायच्या. तांबूस रेघ जरी दिसली तरी तो प्रकार बाद. काका वाद घालत नसत. एकदा मुन्शीजींनी म्हटलं, “भाभी, ही तर मच्छर चावल्याची खूण आहे.” काकूंनी मान हलवली. “असंन. पन मी हो नाई म्हनत.” त्या महिन्याची सगळी मेहनत वाया गेली आणि काकांनी दुसऱ्या दिवशी नवीन काढा चुलीवर ठेवला.

शेवटी जे जमलं ते असं: रंग दोनदा, त्यावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात, तोही तीनदा, दर वेळी मधे आठ दिवस सोडून. दर हातानंतर त्याच लाकडाच्या भुश्यानं फिरत्या दांडीला घासायचं. टाक काळा व्हायचा, पण चमकायचा नाही. तवा घासून पालथा घातलेला असतो ना, तसा. बोटात मात्र असा बसायचा की घामानं हलत नसे. १९५२ च्या उन्हाळ्यात त्यांनी शाळेला पुन्हा चाळीस टाक दिले. डोमाजीचा पोरगा तेव्हा चौथीत होता. डोमाजी शाळेत आला, टाक हातात घेतला, हुंगला आणि काकांना विचारलं, “वहिनीनं बांधला होता?”

“आठ दिवस.”

“मंग ठीक हाय,” डोमाजी म्हणाला आणि टाक पोराच्या हातात दिला.

मुधोळच्या कचेरीतले एक गिर्दावर, म्हणजे महसूल निरीक्षक, सुधाकरराव, पाहणीला आले असता त्यांनी हे टाक पाहिले. त्यांना कचेरीसाठी हवे होते, पण असे मंद नकोत. “दफ्तराला जरा शोभा पाहिजे,” ते म्हणाले. “चकाकी आणा.” काकांनी सांगितलं, लाख लावली की टाक निसटतो. गिर्दावर म्हणाले, ते तुम्ही बघा. काका दोन दिवस विचारात होते. काकूंनी पट्टा ओढता ओढता म्हटलं, “धरायचं तिथं नका लावू. पाह्यचं तिथं लावा.”

काकांनी पटाशी उचलून धरली. इतकी वर्षं लाख लावावी की तेल, यावर ते झगडत होते. दोन्ही लावता येईल असं तिघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. त्यांनी दांडीचा मागचा अर्धा भाग लाखेनं चकाकता केला आणि पुढचा तेलाचा मंद काळा ठेवला. मधे एक बारीक खाच, तीही कुंकवासारख्या लाल लाखेनं भरलेली. हा टाक इतका देखणा झाला की मुन्शीजींनी तो कानावर ठेवून बाजारात दोन चकरा मारल्या. कचेरीला दोनशे गेले.

तोपर्यंत सगळीकडे एकच बोलणं चालू झालं होतं. हैदराबाद राज्य मोडणार, कानडी भाग एकीकडे, मराठी एकीकडे, तेलुगू एकीकडे. आपण कुठं जाणार? वडिलांनी गावातर्फे अर्ज लिहिला, त्यावर सह्या-अंगठे घेतले. एक नोव्हेंबर १९५६ ला नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला, पण आमचा मुधोळ तालुका त्यातून काढून आदिलाबाद जिल्ह्याला जोडला गेला आणि आम्ही आंध्र प्रदेशात आलो. काकांची लेक भागाबाई धर्माबादजवळ दिलेली होती, ती आता दुसऱ्या राज्यात गेली. त्या दिवशी गावात काही घडलं नाही. कापूस वेचायचे दिवस होते, बाया वावरात गेल्या. वडील मात्र दुपारी शाळा लवकर सोडून एकटेच नाल्याकडे फिरायला गेले. मराठी शिक्षकांना मुंबई राज्यात बदलून जायची मुभा मिळत होती. वडिलांनी अर्ज आणला, आठवडाभर टेबलावर ठेवला आणि भरला नाही. आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, “पोरं तर इथंच आहेत.”

मुधोळची कचेरी बदलली, माणसं बदलली, कागदांची भाषा हळूहळू बदलू लागली. काकांच्या दोनशे टाकांचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. काकांनी एकदा चौकशी केली. नव्या कारकुनाला काही ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी शाळेत तेलुगू शिकवायला नरसय्या सार, म्हणजे सर, आले. निर्मळचा तरुण माणूस, मराठी जेमतेम. पहिल्याच दिवशी त्यांनी काकांचा टाक हातात घेतला आणि फळ्याजवळच्या कागदावर लिहू लागले. थोड्या वेळानं थांबून त्यांनी बोट चोळलं. टाकाच्या पकडीजवळ काकांनी एक बारीक कंगोरा ठेवला होता, मराठी लिहिताना बोट खाली घसरू नये म्हणून. सारांची अक्षरं सगळी गोल. लिहिताना टाक त्यांच्या बोटांत सारखा फिरत होता आणि तो कंगोरा त्यांना घासत होता.

हे वडिलांनी काकांना सांगितलं. काका दुसऱ्या दिवशी शाळेत आले, सारांच्या शेजारी खाली बसले आणि सकाळभर त्यांचा हात बघत राहिले. सार अवघडले. “काय पाहता?” त्यांनी विचारलं.

“तुमचं अक्षर कुठं वळते ते,” काका म्हणाले. “मले वाचता येत नाई. मराठीबी नाई, उर्दूबी नाई. पन हात कसा फिरते ते समजते.”

मीही तेव्हाच ऐकलं की काकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. माझ्यासमोर इतकी वर्षं ते टाक करत होते आणि माझ्या ते मनातसुद्धा आलं नव्हतं. सारांनी कागदाचा एक कोपरा फाडला, त्यावर तेलुगूत ‘महिपत’ लिहिलं आणि दिलं. काकांनी तो मुंडाशाच्या घडीत ठेवला. आठवडाभरात कंगोरा नसलेले, जरा जाडसर टाक तयार झाले. त्यांना तेलाचा चौथा हात होता, फिरताना बोट अडकू नये म्हणून.

मुन्शीजी १९५८ मधे लेकीकडे निझामाबादला गेले. त्यांना तिथं करमलं नाही, असं त्यांच्या पत्रांवरून दिसे. पत्रं उर्दूत यायची आणि गावात वाचणारे उरले होते दोघंच, त्यात एक माणिकराव पाटील. पाटील वाचायचे, काका ऐकायचे. प्रत्येक पत्रात एक ओळ असायची: जवसाचं तेल किती वेळ उकळतोस ते कळव.

मग फाउंटनपेनं स्वस्त झाली. भैंशाच्या दुकानांत काचेच्या पेटीत ती दिसू लागली, पोरांच्या खिशात आली. टाक कुणी मागेना. काकांनी तक्रार केली नाही. पाळण्याचे मोर आणि लाटणी पुन्हा सुरू झाली होतीच.

१९६३ मधे मला भैंशाला मराठी शाळेत नोकरी लागली. रुजू व्हायला सहा दिवस होते. मी काका-काकूंच्या पाया पडायला गेले. माझ्या हातात वडिलांनी दिलेलं फाउंटनपेन होतं. काकांनी ते उघडून आतली नळी पाहिली, टोपण पाहिलं.

“हे वरचं मी लाकडाचं करून देतो,” ते म्हणाले. “आतलं तेच राहू दे.”

तिसऱ्या दिवशी ते झालं. मला आवडेल म्हणून काकांनी या वेळी बाजारातल्या डब्यातलं वॉर्निश लावलं होतं. पेन इतकं चकाकत होतं की त्यात खिडकी दिसत होती. मी हात पुढे केला. काकांनी दिलं नाही. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी बाही वर करून दाखवली. कोपराला चिंधी बांधलेली होती, कालच बांधली होती.

“सात दिवस बाकी हायेत,” काकू म्हणाल्या.

“काकू, मला परवा सकाळची गाडी आहे. शहरातले सगळे हेच वॉर्निश लावतात.”

“लावत असतीन.”

मी काकांकडे पाहिलं. ते खरादाच्या खुंटावरचा भुसा झाडत होते. मी आतली नळी आणि जुनं प्लॅस्टिकचं आवरण परत घेतलं, जोडलं आणि भैंशाला गेले.

दिवाळीत घरी आले तेव्हा सगळ्यांत आधी त्यांच्याकडे गेले. काकू अंगणात तीळ निवडत बसल्या होत्या.

“माझं पेन?”

“उतलं ते,” काकू म्हणाल्या. “पाचव्या दिवशीच खाज सुटली. फोडून टाकलं.”

“मग?”

“मंग काई नाई.” त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात गुडघ्यावर टेकून उठल्या. “दुसरं काई तरी लावून पाहून राह्यले. चाल आत, च्या ठेवतो.”

आत खरादासमोर काका बसले होते. त्यांनी मान वर केली, मला बसायला पाट सरकवला आणि काकू येईपर्यंत पटाशीची धार बोटानं बघत राहिले.